अण्णांचं पिस्तूल आज जमा केलं

मंडळी, माझे वडील अण्णा गेल्या महिन्यात गेले. आज सकाळी त्यांचं पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करून आलो आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

आणीबाणी उठली त्या सुमाराला रहाटणी गावाबाहेर आमचं एकच घर होतं, चहूकडे शेतं. चोऱ्या वाढल्या म्हणून अण्णांनी एका निवृत्त साहेबाकडून हे विलायती पिस्तूल घेतलं. लायसन्सच्या अर्जावर कारण लिहिलं, घराचं संरक्षण. ते बनवणं केव्हाच बंद झालं होतं, त्यामुळे गोळ्या मिळायच्या नाहीत. सोबत आलेल्या सहा त्यांनी जपून ठेवल्या, एकही कधी उडवली नाही.

चोर कधी आलाच नाही. पण अण्णा चिडले की पिस्तूल ताटाशेजारी काढून ठेवायचे आणि आम्ही भावंडं मान खाली घालून जेवायचो. कॉलेज सोडून, ते नोकरीला होते त्याच कंपनीत लागायला मी 'हो' म्हणालो, तेव्हाही ते तिथंच होतं.

आज हवालदारानं ते उघडून पाहिलं आणि हसला. "अहो, याला आतली पिनच नाही. गोळी सुटणार कशी?"

घरी येऊन आईला विचारलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तुझ्या मामानं काढली. टर्नर व्हता ना त्यो. पिस्तूल आणलं त्याच महिन्यात मीच काढाय लावली."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुमी भ्यायचं सोडलं असतं, तर त्यास्नी कळलं असतं."

आता रागवायचं तरी कोणावर, सांगा.