सवलतीची लॉरी

माझा थोरला भाऊ वारला, त्यानंतर दोन वर्षांनी त्याने एक नवी लॉरी विकत घेतली. हे वाक्य मी बऱ्याच वेळा लिहून खोडलं आहे. पण कागदोपत्री घडलं ते असंच, आणि कागद माझ्या हातचे आहेत.

आमचा धंदा बैलगाड्यांचा होता. सोलापूर स्टेशनच्या मालधक्क्यावर सुताच्या गाठी उतरत, त्या साखर पेठेतल्या विणकरांच्या दारी पोचवायच्या आणि तिथली लुगडी बांधून परत धक्क्यावर आणायची. सहा गाड्या, बारा बैल आणि भाऊ. त्याने तिसरीतून शाळा सोडली ती मी शिकावं म्हणून. मी पुण्याला जाऊन इंटरला दोनदा नापास झालो आणि पेटीभर इंग्रजी कादंबऱ्या घेऊन परत आलो. त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त धक्क्यावरच्या पावत्या माझ्यापुढे सरकवल्या.

सही करायचा त्याला कंटाळा होता. स्वतःचं नाव लिहायला बसला की कपाळाला घाम येई. त्यामुळे मी चौथीत असल्यापासून त्याची सही मीच करत असे. पहिल्या अक्षराला मी एक मोठा वेलांटीसारखा फराटा देत असे. कुठल्याशा साहेबाच्या सहीत तो पाहिला होता. भावाला तो फार आवडायचा. "जरा रुबाब दिसतो," म्हणायचा. म्हणजे त्याची सही म्हणून जगात जी काही होती, ती माझीच होती.

तो चार दिवसांच्या तापात गेला. तेराव्यानंतर मी धक्क्यावर गेलो, तर मालबाबूने नेहमीसारखी पावती पुढे केली आणि मी नेहमीसारखी सही केली, फराट्यासकट. मालबाबू म्हणाला, "थोरले दिसले नाहीत इतक्यात. बरे आहेत ना?" मी "आहेत" म्हणालो. मागे रांग होती, ऊन होतं, आणि खरं सांगितलं असतं तर दाखले, अर्ज आणि फेऱ्या आल्या असत्या. उद्या सांगू म्हटलं. तो उद्या दोन वर्षं आला नाही. इंग्रजी कादंबऱ्यांतली भुतं जुन्या किल्ल्यांतून राहतात. माझा भाऊ मालधक्क्यावरच्या एका रजिस्टरात राहत होता, आणि दर दोन दिवसांनी मी त्याला जेवू घालत होतो.

अशात गावात एकाने लॉरी आणली. आमची गाडी ज्या खेपेला सकाळ घालवी, ती खेप लॉरी अर्ध्या तासात उरके, वर भोंगा वाजवी. पेठेतले व्यापारी मला प्रेमाने सांगू लागले की जुने संबंध आहेत म्हणून अजून तुम्हालाच बोलावतो. असं सांगायची वेळ आली की ते संबंध आता फार दिवस टिकत नाहीत, हे मला कळत होतं. आम्हाला लॉरी हवी होती आणि पूर्ण किंमत देण्याची ऐपत नव्हती.

एका मोटार कंपनीच्या एजंटाने स्टेशनच्या वाटेवर दुकान थाटलं होतं. पूर्वी तिथे सरकीची वखार होती. आता दाराशी कुंडीत माडाचं रोप आणि आत कोट-टायमधला एजंट अशी शोभा होती. पाटीवर त्याचा हुद्दा त्याच्या दुकानापेक्षा लांब होता. त्याने मला एक गुळगुळीत पत्रक दिलं. धंद्यासाठी लॉरी घेणाऱ्यांना खास व्यापारी सवलत, शेकडा बारा. शिवाय दारावर पेढीचं आणि मालकाचं नाव फुकट रंगवून मिळेल.

"अटी किरकोळ आहेत," एजंट म्हणाला. "धंदा मालवाहतुकीचा हवा. एकाच मालकाच्या नावाने निदान पाच वर्षं चाललेला हवा. आणि डिलिव्हरी तुमच्या अड्ड्यावर, मालकासकट फोटो. मुंबई ऑफिसला पुरावा लागतो. हल्ली हौशी लोकसुद्धा व्यापारी म्हणून येतात हो!"

माझ्या नावाने धंदा एक दिवसही चाललेला नव्हता. मी विचारलं, "मालक अलीकडेच बदलला असेल तर?"

"मग पाच वर्षांनी या. तेव्हा तुमच्यासाठी जागा राखून ठेवतो," तो हसत म्हणाला. "पण तुम्ही तर धक्क्यावर पंधरा वर्षं आहात म्हणे. मालबाबूंनीच सांगितलं. मालकांचं नाव..." आणि त्याने माझ्या भावाचं नाव घेतलं. "तुम्हीच ना?"

मी फॉर्म ओढून घेतला. इथे मी एक चूक केली, आणि ती प्रामाणिकपणाच्या पोटी केली. सही भावाची करायची तर माहितीही त्याचीच खरीखुरी भरावी, असं माझ्या अर्ध्याकच्च्या शिक्षणाने मला सुचवलं. वय त्याचं घातलं. ते त्याच्याबरोबर थांबलं होतं, तसंच लिहिलं. शिक्षण, तिसरी. कुटुंब, पत्नी एक. खाली फराटा दिला.

वहिनीला मी यातलं काही सांगितलं नाही. ती वैरागची. लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो. मूलबाळ झालं नाही. भावामागे ती घरातच असे. बैलांचं वैरणपाणी, गाडीवानांच्या भाकरी आणि माझं जेवण एवढं बघे. अड्डा आमच्या घराच्या अंगणातच होता, पण पुढच्या अंगणात कुणी परकं आलं की ती आत जाई. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. लॉरी येणार एवढं तिला ठाऊक होतं.

डिलिव्हरीच्या सकाळी मी तिच्या ट्रंकेतून भावाचा काळा कोट आणि फेटा काढला. मालक मालकासारखा दिसला पाहिजे, अशी एजंटाची सूचना होती, आणि माझ्या टोपीकडे पाहूनच त्याने ती केली होती. कोट खांद्यात बरोबर बसला. तो बसू नये असं मला वाटत होतं. खिशात तंबाखूचा चुरा अजून होता.

वहिनी दारात आली. "त्यांचा कोट?"

"फोटोपुरता."

तिने कोटावरून नजर फेट्यावर नेली. "फेटा सैल झालाय," म्हणाली आणि स्वैपाकघरात गेली.

लॉरी आली ती वाजतगाजत आली. एजंटाने एक सनई आणि एक ताशा भाड्याने आणला होता. दोघांनी मिळून जे वाजवलं ते लग्नाचं होतं की मिरवणुकीचं, ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. लॉरी हिरवी, मागे उघडा हौदा, दारावर ताज्या पिवळ्या रंगात पेढीचं नाव आणि त्याखाली भावाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यानेही पाहिलं नव्हतं.

आमचा म्हातारा गाडीवान लॉरीभोवती एक फेरी मारून आला. "धाकलं मालक, लई गुरगुरतंय की हे. आता बैलास्नी पेन्शन लावा म्हंजी झालं. आन मलाबी."

"तुला लॉरीवर बसवतो."

"नगं. हिला च्यॅक च्यॅक केलं तरी कळत न्हाय." मग दाराकडे बोट करून त्याने हळूच विचारलं, "काय लिवलंय?"

मी सांगितलं. त्याने मुंडासं काढून हातात घेतलं आणि बैलांकडे जाऊन उभा राहिला.

फोटोवाल्याने कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडलं. शेजारच्या विणकरांची बायकापोरं कुंपणाशी जमली. एजंटाने माझ्या गळ्यात हार घातला आणि एक भाषण केलं. त्यात प्रगती हा शब्द पुष्कळ वेळा आला, लॉरीच्या ब्रेकबद्दल मात्र काही आलं नाही. मग त्याने हातातला फॉर्म उघडला.

"आता मालकीणबाई येऊ द्या! लॉरीला ओवाळायला हवं. मुंबई ऑफिसला असला फोटो फार आवडतो."

मी म्हणालो, "त्यांना बरं नाही."

"अहो, मिनिटाचं काम. फॉर्मवर तुम्हीच लिहिलंय की. हे बघा, पत्नी एक. काळजी करू नका, दोन असत्या तरी कंपनीची हरकत नव्हती!" आणि तो आपल्याच विनोदावर हसला.

कुंपणापाशी कुणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येकाने भावाला खांदा तरी दिला होता, नाहीतर घरी डबा तरी पाठवला होता. तेव्हाच मला खरं खरं सांगता आलं असतं. तोंड उघडलं की लॉरी उलट पावली परत जाणार, आणि तिच्यामागे पेठेतली गिऱ्हाइकं जाणार. मी शब्द जुळवत उभा राहिलो. वाचनाचा मला झालेला उपयोग एवढाच. शब्द जुळवायला मला नेहमीच वेळ लागतो.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली.

नेहमीचं काळपट लुगडं, पदर नाकापर्यंत ओढलेला. हातात ताट, ताटात निरांजन. मनगटं मोकळी होती, एकही बांगडी नाही. एजंट फोटोवाल्याला कोन समजावत होता, त्याचं लक्ष गेलं नाही. फोटोवाल्याचं गेलं. त्याने कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात डोकं घातलं आणि ते बाहेरच काढेना.

"वा!" एजंट म्हणाला. "आता वहिनीसाहेब, नाव घ्या. मालकांचं नाव घेतल्याशिवाय आमची लॉरी हलायची नाही!"

सनई थांबली. शेजारची विणकरीण कुंपणावरून म्हणाली, "अय्यो, वद्दु, वद्दु," आणि तिने तोंडावर हात ठेवला. नको म्हणजे कुठल्याही भाषेत नकोच. पण एजंटाला वाटलं, बायका लाजताहेत.

वहिनीने माझ्या भावाचं नाव लग्नानंतर एकदा उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. घरात "अवो", "ऐकलं का", नाहीतर "तुमचे भाऊ". ती कधी त्याला नावाने हाक मारील, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तिने पदर मागे घेतला. कपाळ उघडं झालं. मी जिथे उभा होतो तिकडे, त्या कोटाकडे आणि फेट्याकडे तिने पाहिलं आणि नाव घेतलं. उखाणा नाही, यमक नाही. परसात असलेल्या माणसाला जेवायला बोलवावं तसं नुसतं नाव, मोठ्याने. आणि हाक मारल्यावर माणूस थांबतं, तशी ती थांबली.

माझ्या तोंडून "ओ" निघालं.

मी ते म्हणालो, असं मला आजही म्हणवत नाही. ते माझ्या तोंडून निघालं. स्वर माझा होता की नव्हता, याबद्दल मी पुढे पुष्कळ तर्कशुद्ध विचार केला आहे. सख्ख्या भावांचे आवाज सारखे असतात. कोटाचा परिणाम असतो. धक्क्यावर दोन वर्षं त्या नावाला मी ओ देतच आलो होतो. सगळं पटण्यासारखं आहे. कुंपणापाशी कुणीतरी रडायला लागलं आणि म्हाताऱ्या गाडीवानाने बैलाच्या मानेत तोंड लपवलं.

वहिनीने लॉरीच्या दाराला एकदा ओवाळलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती बरोबर त्या अक्षरांपुढे उभी होती. ताट तिने पायरीवर ठेवलं आणि आत गेली.

एजंटाला काय कळलं, ठाऊक नाही. त्याने तिचं कपाळ पाहिलं, फॉर्म पाहिला, मला पाहिलं. मग फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "फोटो झाला ना? मग झालं." सवलत मिळाली. पुढे मुंबईहून फोटोची प्रत आली. तीत मालक लॉरीला टेकून उभे आहेत आणि त्यांचं तोंड उघडं आहे. एजंटाच्या मते तो आनंद होता.

आठ दिवसांनी वहिनी म्हणाली, "भावजी, मला वैरागला सोडा."

"किती दिवसांसाठी?"

ती बोचकं बांधत होती. "दोन वर्सं मी हितं का ऱ्हायले, ठावं हाय? वाटायचं, एक डाव हाक मारली तर ओ येईल. मारत न्हवते, म्हून ऱ्हाता येत हुतं."

मी बोचक्याचं दुसरं टोक धरून दिलं.

"आता मारली. ओ आली. पन ती तुमची हुती."

"मी उद्याच धक्क्यावर जाऊन सांगतो, वहिनी. एजंटालाही लिहितो. कागद दुरुस्त करतो सगळे."

"ऱ्हाऊ द्या की." गाठ मारून तिने माझ्याकडे पाहिलं. "सवलत मिळाली न्हवं?"

लॉरीवर बार्शीकडचा एक नवा ड्रायव्हर ठेवला होता. त्याच्या शेजारच्या जागेवर बसून ती गेली. लॉरी वळताना दारावरचं नाव मला वाचता येत होतं. तिचा चेहरा पदराआड होता.

संध्याकाळी गाडी रिकामी परत आली. बाई नीट पोचल्या का, मी विचारलं.

"पोचल्या. वाटेत बोलल्या न्हाईत काय." ड्रायव्हर चाकांवर पाणी मारत होता. "वैराग दिसायला लागल्यावर मातर इचारलं, गाडी कुनाची हाय म्हून. मी दारावरचं नाव सांगितलं."

"मग?"

"पुन्यांदा सांग म्हनाल्या. पुन्यांदा सांगितलं. 'व्हय' म्हनाल्या."

"आणि?"

"फुडं मेंढरं आली हुती, मी भोंगा वाजवत हुतो. कायतरी म्हनाल्या खऱ्या. ऐकू न्हाय आलं."