गाडी पासिंगला गेलीच नव्हती

गेल्या आठवड्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरचं तरुण जोडपं सल्ला घ्यायला आलं. त्यांच्या गाडीला पंधरा वर्षं होत आली आहेत. "काका, जुनी स्क्रॅपला दिली की नवीवर सरकार सूट देतं म्हणतात. द्यावी का? तुम्हाला अनुभव आहे."

अनुभव! दादरच्या आमच्या सोसायटीत या योजनेविरुद्ध माझ्याइतकं कोणी बोललं नसेल. सूट देणाऱ्याचा हात आधी बघावा, तो आपल्या खिशात तर नाही ना, असं मी गेटपाशी उभा राहून सांगत आलो. लोक माना डोलवायचे. म्हणून आता नीट सांगतो.

गाडी मी निवृत्त झालो तेव्हा घेतली. पेट्रोलची, छोटी. बायको शाळेत शिक्षिका होती. ती निवृत्त झाल्यावर माटुंग्याच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकली, तीही मला न विचारता. तिची थोरली बहीण शीवला राहायची. गुडघे पार गेलेले. तिला गाडीत बसवायला दहा मिनिटं लागत. आधी जमिनीवर पाट ठेवायचा, त्यावर पाय, मग पाठ आत. टॅक्सीवाला एवढा वेळ कशाला थांबेल? दर गुरुवारी दुपारी बायको तिला फाइव्ह गार्डनला घेऊन जायची, झाडाखाली गाडी लावायची आणि दोघी खिडक्या उघड्या टाकून तासभर बोलत बसायच्या.

एकदा मी तिच्या शेजारी बसून येत होतो. गेटमधून वळताना आरसा घासला. कट्ट्यावरून एकजण ओरडला, "काय साहेब, क्लीनर झालात का?" सगळे हसले. बायकोही हसली. मी हसलो नाही.

गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा लालबागच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून सांगितलं होतं, "काका, इंजिन ठणठणीत आहे. आरटीओत नेऊन पासिंग करून घ्या, अजून पाच वर्षं बिनघोर." मी घरी येऊन म्हणालो, "पासिंग होत नाही. सरकारने कायदाच केलाय."

आठवड्याभरात गाडी स्क्रॅपला न्यायला टोइंगवाला आला. बायको खाली आली, मागच्या सीटखालचा पाट काढून घेतला आणि वर गेली. तिला म्हटलं, "स्क्रॅपचं सर्टिफिकेट मिळतं. ते दाखवून करात सूट घेऊ आणि नवी घेऊ, ऑटोमॅटिक." नवी घ्यायची माझी इच्छाच नव्हती. शोरूममधला मुलगा म्हणाला, दिवाळीची सूट आणि स्क्रॅपची सूट एकत्र मिळणार नाही. मला आनंद झाला. "बघ, एका हाताने देतात, दुसऱ्याने काढतात!" यात थोडं खरं होतं, म्हणूनच माझं खोटं इतकं टिकलं. सर्टिफिकेटची मुदत कपाटात संपली.

गाडी दिली त्याच्या पुढच्या वर्षी तिची बहीण गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी तळमजल्यावरचे ख्रिश्चन शेजारी पेढे घेऊन आले. त्यांची गाडी आमच्यापेक्षा तीन वर्षांनी जुनी. "टीचर, पास झाली! अजून पाच वर्षं मला कोण हलवत नाय!" ते गेल्यावर बायकोने विचारलं, "आपली तर त्यांच्यापेक्षा नवी होती ना?"

"डिझेलला नियम कडक," मी म्हणालो.

आमची गाडी पेट्रोलची होती. पंपावर तीच जायची. तिने माझ्याकडे पाहिलं, पेढ्यांचा डबा फ्रिजमध्ये ठेवला. त्यानंतर ती माझ्या प्रत्येक बोलण्यावर जरा थांबून "हो का?" म्हणू लागली. वीजबिल भरलं म्हटलं तरी, "हो का?"

तर त्या जोडप्याला मी म्हणालो, "गाडी खरंच संपली असेल आणि नवी घ्यायचीच असेल, तर सूट जरूर घ्या. शोरूमकडून आधी लिहून घ्या. पण गाडी धडधाकट असेल, तर सवलतीच्या मोहाने देऊ नका. आधी पासिंगला नेऊन बघा. मी नेली नव्हती."

"नेली नव्हती? तुम्ही तर म्हणायचात, पासिंग होत नाही म्हणून दिली."

"खोटं बोललो. सरकारने सक्ती केली नव्हती. मलाच ती गाडी घरात नको होती."

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. जोडपं घाईने चहा संपवून गेलं. बायको बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे लिहायला बसलो, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. वरपासून शेवटपर्यंत वाचलं. या वेळी "हो का?" म्हणाली नाही.

"लिहितच आहात, तर हेही लिहा," ती म्हणाली. "गाडी गेल्यावरसुद्धा ताई दर गुरुवारी बाहेरची साडी नेसून खिडकीशी बसायची. तिच्या सुनेने मला नंतर सांगितलं."

लिहिलं.