बातमी सांगायची खोली

त्या दिवशी सकाळी मी तिच्या पायाची नखं काढून दिली. पाय सुजलेले, तिला वाकता येत नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला मेडिकल कॉलेजात जायचं होतं. तिथं जायचं म्हटलं की ती लग्नाला निघाल्यासारखी तयारी करायची.

"हळू काढा की. बोटं ऱ्हाऊ द्या जाग्यावर."

"मग हलू नगंस. बैलाच्या खुराला पत्री मारताना बी एवढा तरास हुत न्हाय."

"बैल गुमान पडून ऱ्हातंय, त्येला नवऱ्याचं ऐकावं लागत न्हाय," ती म्हणाली. "आन् उद्या दाढी करा. पोरं घाबरत्यात तुमच्या थोबाडाला."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते.

कॉलेजात कशाला जायचो ते सांगतो. मी पॉवरलूमवर जन्म घालवलेला, चौथी शिकलेला माणूस. ती विड्या वळायची. डॉक्टरकीशी आमचा संबंध एवढाच, की तिचं हृदय मोठं झालं होतं आणि गोळ्या आणायला मोठ्या दवाखान्यात जावं लागायचं. तिथं एकदा एक शिकणारा पोरगा कागदात तोंड घालून तिला प्रश्न विचारत होता. ही त्याला म्हणाली, "बाळा, दुखणं मला हाय, कागदाला न्हाय. हिकडं बघ की." मागं एक मॅडम उभ्या होत्या. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मावशी, आमच्या मुलांना शिकवायला याल का?"

तिला वाटलं चेष्टा करतात. पण मॅडमचं कामच ते होतं. डॉक्टरांना कसं शिकवावं याचाच त्या अभ्यास करत होत्या. पेशंटशी बोलायचं कसं हे पोरांना नुसतं वर्गात सांगून येतं, का खऱ्या माणसांसमोर बसवून सराव केल्यावर येतं, ते त्यांना तपासायचं होतं. म्हणून निम्म्या पोरांना वर्गात शिकवायचं, निम्म्यांना आमच्यासारख्या माणसांपुढं बसवायचं, आणि पुढं वॉर्डात कोण कसं बोलतं ते बघायचं. आम्ही पेशंटचं सोंग करायचं. रिक्षाभाडं आणि चहा-खारी मिळायची.

सोंगात ती साखरेच्या दुखण्याची बाई झाली. गोळ्या घ्यायच्या नाहीत, जिलेबी खायची, आणि डॉक्टरला विचारलं की खोटं बोलायचं. लई रंगात येऊन करायची. एका पोरानं तिला बोलतं करून जिलेबी कबूल करून घेतली, तेव्हा घरी येऊन पोराचं कौतुक मला दोनदा ऐकवलं.

मी तिला सोडायला जाऊन बाहेर बाकावर बसायचो. एक दिवस मॅडम माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "आजोबा, तुमच्यासाठी पण काम आहे. पण जरा अवघड आहे."

अवघड म्हणजे असं. मी एक म्हातारा नवरा. बायकोला तातडीनं दवाखान्यात आणलंय. डॉक्टर मला खोलीत बोलावतो आणि ती वारली असं सांगतो. मी ऐकायचं.

मी तिथंच उठलो. "बाई, बायको माझी जिती हाय. शेजारच्या खोलीत बसलीय. आसलं अभद्र ऐकायला मी न्हाय येणार."

मॅडमनी आग्रह केला नाही. पण हिला कळलं तेव्हा ही हसत सुटली. "ऐका की वो. खोटं मरान सांगितलं की आयुष्य वाढतंय. जितकी पोरं सांगतील तितकं वाढंल माझं."

"आन् खरं झालं म्हंजी?"

"मग तवा खरं ऐका. सवय तर हुईल."

बोलण्यात मी तिच्यापुढं कधी टिकलो नाही. गेलो.

खोलीत एक टेबल, खुर्च्या, पाण्याचा जग. कोपऱ्यात मॅडम घंटी घेऊन. पोरगं आत यायचं. मॅडमनी शिकवलेली रीत ठरलेली. आधी दार लावायचं. मला बसवायचं, आपणही बसायचं. सोबत कुणी आहे का विचारायचं. मला काय माहीत आहे ते विचारायचं. मग आडवळण न घेता सांगायचं की वारल्या. आणि सांगून झालं की गप्प राहायचं. माझ्या वाटणीला एकच वाक्य होतं, "पन सकाळी चांगली हुती की." वेळ संपली की घंटी वाजायची, सोंग उतरायचं, आणि मॅडम म्हणायच्या, "आजोबा, सांगा, तुम्हाला कसं वाटलं?"

वाटलं ते मी तोंडावर सांगायचो. एक पोरगा उभ्यानंच म्हणाला, "पेशंट एक्सपायर झाल्या." मी म्हटलं, "बसला असतास तर काय बिल आलं असतं?" एकानं एवढे प्रयत्न केले न् तेवढे प्रयत्न केले असं सांगत नेलं, की मला वाटलं बायको वाचली. एक पोरगा सांगता सांगता स्वतःच रडायला लागला, त्याला मीच पाणी दिलं. मोहोळकडची एक पोरगी होती, ती इतकं हळू बोलली की मला काही ऐकूच आलं नाही. मागाच्या खडखडाटात माझे कान गेलेले. मी म्हटलं, "बाय, कुणाचं मरान सांगतीस का चहाला बोलीवतीस?" तिचे डोळे भरून आले. पुढं मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजोबा, आता तुम्हीही शिकवता. ती उद्या तोंडच उघडणार नाही, असं बोलू नका." त्यांचं खरं होतं. मग मी त्या पोरीला पुन्हा बोलवायला लावलं. दुसऱ्या खेपेला तिनं बऱ्यापैकी सांगितलं.

काम संपवून बाहेर आलो की ही बाकावर शेंगा फोडत बसलेली असायची. विचारायची, "आज कितीदा मेले मी?"

"लईदा."

"चला मग. भाजी घ्यायची हाय."

असं वर्षभर चाललं. ती मेल्याचं ऐकायचं, दार उघडायचं, आणि ती बाकावर. माझ्या अंगाला ते कसं मुरत गेलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

नखं काढली त्याच दिवशी दुपारी ती चहा टाकायला उठली आणि भिंतीला धरून खाली बसली. घाम सुटलेला, दम घेता येईना. शेजारचा रिक्षावाला जेवायला घरी आला होता, तो ताटावरून उठला. "चाची को पीछे लिटाव, चाचा. तुम पकडके बैठो," म्हणाला आणि त्यानं सरळ दवाखान्यात नेलं. तिला आत घेतलं. मला बाहेर थांबवलं.

थोड्या वेळानं एक डॉक्टरीण आली. मोहोळकडचीच ती पोरगी. आता इंटर्न झाली होती, म्हणजे परीक्षा पास होऊन दवाखान्यात काम करत शिकत होती. तिनं मला ओळखलं. तोंड पांढरं पडलं तिचं. म्हणाली, "बाबा, आत या."

तिनं दार लावलं. मला बसवलं. खुर्ची ओढून समोर बसली. "सोबत कोणी आहे का?" मी म्हटलं, रिक्षावाला हाय. "मावशींना काय झालं, तुम्हाला काय माहीत आहे?" मी सांगितलं. पुढचं वाक्य काय येणार ते मला पाठ होतं.

"बाबा, वाईट बातमी आहे. मावशी वारल्या."

माझ्या तोंडून आलं, "पन सकाळी चांगली हुती की."

वाक्य कागदावरचं होतं आणि खरंही होतं. ती गप्प राहिली. नजर हलवली नाही. रीतीनं सगळं बरोबर केलं होतं तिनं. आणि मी घंटीची वाट बघत बसलो. घंटी वाजेना. मग मीच म्हटलं, "चांगलं सांगितलंस. आवाज बी काढलास मोठा." आणि उठून दार उघडून बाहेर बाकाकडं गेलो.

बाकावर रिक्षावाला बसला होता.

पोरगी मागं धावत आली, माझा दंड धरला. "बाबा, खरंच हो. हा सराव नाही."

मी म्हटलं, "व्हय, कळलं." पण कळलं नव्हतं.

चिंचोळी एमआयडीसीतून पोरगा आला, करकंबहून लेक आली. संध्याकाळी सगळं उरकलं. जे सांगतील ते मी केलं. पाणी घाल म्हटलं, घातलं. पाया पड म्हटलं, पडलो. डोळ्यातून टिपूस नाही. म्हातारा दगड आहे, असं कुणीतरी बोललं, आणि कमी ऐकू येऊनही ते मला ऐकू आलं. दगड नव्हतो. मी बाकावरून कुणी हाक मारतंय का ते बघत होतो. माणूस जळताना मी समोर उभा होतो, आणि आतून वाटत होतं की हे संपलं की भाजी घेऊन घरी जायचं.

मॅडमचं मी वाईट म्हणत नाही. त्यांची मेहनत फुकट गेली नाही, त्या पोरीनं ते दाखवून दिलं. शिकणाऱ्याला सरावानं काय येतं ते त्या मोजत होत्या. समोरच्या खुर्चीत रोज बसणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता. मलाही तो कधी पडला नव्हता. कापड विणायचं तर धागा ताणावा लागतो, पण सारखा ताणला की तो ताण धरत नाही. माझं तसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक पाणी तापवत होती. पोरगा राख सावडायला जायची तयारी करत होता. सुतकात कुठं निघालास म्हणून कुणी अडवलं असतं, म्हणून न सांगता मागच्या दारानं निघालो. चालत दवाखान्यात गेलो. ती पोरगी कालपासूनची ड्यूटी संपवून बाहेर पडत होती. मला बघून थांबली.

मी म्हटलं, "काल सांगितलंस ते परत सांग."

"बाबा..."

"त्या खोलीतल्यासारकं नगं. मॅडमनी शिकवल्यासारकं नगं. तू आत हुतीस, तू बगितलंस. ते सांग."

ती तिथंच पायरीवर बसली. मीही बसलो. दार नव्हतं, माणसांची ये-जा चालली होती. कुणी सोबत आहे का, असं तिनं विचारलं नाही.

"आल्या तेव्हा बोलत होत्या," ती म्हणाली. "माझा हात धरला. म्हणाल्या, बाहेर माणूस बसलाय, त्याचा चहा राहिलाय. मग श्वास थांबला. मी छाती दाबत राहिले. दाबताना एक बरगडी मोडली, ती माझ्या हाताला कळली. तरी दाबत राहिले. सर म्हणाले, आता थांब. तरी मी..." तिनं स्वतःच्या तळहाताकडं बघितलं. "परत नाही आल्या, बाबा."

बरगडी. इतकी पोरं सांगून गेली, बरगडी कुणी सांगितली नव्हती. सोंगातल्या बाईला बरगडी नव्हती. ही माझीच होती.

मी विचारलं, "दुखलं आसंल का गं तिला?"

ती बराच वेळ गप्प राहिली. हे गप्प राहणं कुणी शिकवलेलं नव्हतं. मग म्हणाली, "मला माहीत नाही."

मी डोक्यावरची टोपी काढली आणि तोंडावर धरली. आवाज कुठून फुटला ते मला समजलं नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "बाबा, सरका जरा, स्ट्रेचर येतंय." पोरीनं मला धरलं, आणि आम्ही दोघं भिंतीकडं सरकून बसलो.