पाटलांच्या वाईनमधला जांभळा डाग

आता हे कुठल्या तोंडानं सांगू, पण सांगतो. अट एकच, चहा संपेपर्यंत हसायचं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ठाण्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी नवा केमिस्ट. नोकरी अजून कायम व्हायची होती आणि अंगात एम.एस्सी. नुसती उसळत होती. एक दिवस शीळफाट्याकडचे पाटील आले. जमीन विकून त्यांनी जांभळाच्या वाईनचा छोटा कारखाना काढलेला. गिऱ्हाइकांची तक्रार अशी, की वाईन प्यायली की सकाळी डोकं धरतं. आता आंबवलेल्या दारूत कधीकधी हिस्टामिन वाढतं आणि त्यानं डोकं दुखतं, तेच आम्ही तपासायचं. निघालं तर अख्खी टाकी ओतून देणं आलं.

"मना खरा काय ता सांगा सायेब," पाटील म्हणाले. "त्या टाकीत माजी जमीन हाय."

तपासणी तशी सोपी. पांढरा लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर वाईनच्या अर्काचा थेंब द्यायचा, पट्टी द्रावणात उभी करायची, मग वर औषध फवारून तापवायची. हिस्टामिन असेल तर ठरावीक उंचीवर जांभळा डाग उमटतो. मी डब्यातलं बांगड्याचं कालवण चाटूनपुसून खाल्लं आणि थेट कामाला लागलो. डाग काय उमटला म्हणता! चांगला रुपयाएवढा. मी लगेच पाटलांना फोन लावला, टाकी ओतायच्या तयारीला लागा म्हणालो. घाई बघा माझी.

मग आमच्या मुख्य कुलकर्णी बाईंनी पट्टीवर भिंग धरलं. "अहो, तुमच्या हिस्टामिनला रेषा आहेत."

तो अंगठ्याचा ठसा होता! बोटाचा घामही त्या औषधानं जांभळा होतो. शहाण्यानं इथे गप्प बसावं की नाही? मी उलट खवळलो. माझ्या पट्टीला हात लावला कोणी? स्टॅम्पपॅड मागवलं आणि शिपायापासून टायपिस्टपर्यंत सगळ्यांचे अंगठे घेतले. तेवढ्यात पाटील धापा टाकत पोचले. त्यांचाही घेतला.

"जमीन इकली तवा पन येवढे अंगठे नव्हते लागले," ते म्हणाले.

एकही जुळेना. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा राहिला."

माझ्या अंगठ्यावर फुटक्या परीक्षानळीनं कापल्याची आडवी खूण आहे. डागावरही होती. कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं. बाईंनी हातमोजे घालून नवी पट्टी केली, तिच्यावर डागाचा पत्ता नाही.

टाकी वाचली. पाटील रागावले नाहीत, उलट मला एक बाटली देऊन गेले. डोंबिवलीला घरी नेऊन म्हटलं, चव तरी बघू. चव अशी झकास, की बाटली संपली तेव्हाच हात थांबला. सकाळी डोकं उशीवरून उचलेना.

तसाच ऑफिसात गेलो आणि बाईंना सांगितलं, गिऱ्हाइकांचं डोकं का दुखतं ते मला कळलंय.

बाईंनी माझ्या तांबारलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि अहवालाचा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. आणि या वेळी खाली सही करा. अंगठा नको."