मोठ्या उस्तादांचा तबला

मोठ्या उस्तादांचा विषय निघाला, की आमचे संगीताचे गुरुजी आधी कानाची पाळी धरत आणि मगच बोलत. मोठे उस्ताद म्हणजे सातशे वर्षांपूर्वी दिल्लीत होऊन गेलेले सूफी कवी आणि गवई. गुरुजी आदरापोटी त्यांचं नाव घेत नसत. आपण बायकोचं घेत नाही तसं.

लाखनीच्या हायस्कुलात तेव्हा मी गणित शिकवायचो. गुरुजी विणकराच्या घरचे, कपाळाला गंध. "तुमचा न् त्यायचा काय संबंध जी?" असं कोणी विचारलं, तर म्हणत, "सुराले जात नसते. बेसुऱ्या मानसाले असते."

हेडमास्तरांना कवितेत रस नव्हता. पण सुलतानामागून सुलतान बदलले तरी हा माणूस दरबारात टिकला, हे ऐकून त्यांनी दोनदा विचारलं, "कसं जमवलं असन जी?" त्यांच्या स्वतःच्या नोकरीत शाळेच्या संस्थेचे तिसरे अध्यक्ष चालू होते.

"नोकरी दरबारात केली, मन पीराच्या पायापाशी ठेवलं," गुरुजी म्हणाले. हेडमास्तरांना अर्धंच उत्तर पटलं.

दर वर्षी पहिल्या तासाला गुरुजी मुलांना सांगत, की उस्तादांनी पखवाज मधोमध कापला आणि तबला-डग्गा झाला. ते ऐकून आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे भातगिरणीच्या मालकांनी, उस्तादांवर व्याख्यान ठेवलं. तसबीर मिळेना. पेंटरनं काढून दिली. दाढी झाकली तर हुबेहूब अध्यक्ष.

नागपूरहून आलेले प्राध्यापक म्हणाले, "कविता त्यांच्या खऱ्या. पण तबला त्यांनी केल्याचा पुरावा नाही. तो कितीतरी नंतरचा." अध्यक्षांनी ही स्तुती समजून टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. गुरुजींचे हात मांडीवरच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "वीस वर्सं पोट्ट्यायले चुकीचं सांगून राहिलो, सर."

हेडमास्तरांनी धीर दिला. "परीक्षेत येते काय? नाही ना? मंग सोडा."

गुरुजींनी सोडलं नाही. दर रविवारी सायकल काढून ते जुन्या विद्यार्थ्यांकडे आपली चूक सांगायला जाऊ लागले. हायवेवर ट्रकचं चाक खोलणारा एक जण म्हणाला, "कोनता तबला, गुरुजी?" शहापूरच्या एकाला वाटलं, लग्नाची पत्रिका घेऊन आले. त्यानं तारीख विचारली.

आसगावला मीही बरोबर होतो. भाताची रोवणी चालू होती. त्यांचा विद्यार्थी गुडघाभर चिखलातून शेताच्या बांधावर, धुऱ्यावर आला आणि सगळं ऐकून घेतलं.

"मंग कोनं बनवला, गुरुजी?"

"माहीत नाही, बाबू."

"मंग त्यायचाच राहू द्या. कोनाचं तरी नाव लागतेच ना जी."

"लागते," गुरुजी म्हणाले. "पन माहीत नसलं, तं नाही म्हनाव."

नोकरीत असतानाच, एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी, ते गेले. शोकसभेत अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "तबला उस्तादांनी बनवला, हे या गावाला शिकवलं ते गुरुजींनी!" मी पुढच्याच रांगेत होतो. हेडमास्तरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मागे दाराशी आसगावचा तो शेतकरी उभा होता. हात जोडून म्हणाला, "नाही जी. कोनं बनवला ते माहीत नाही. गुरुजी घरी येऊन सांगून गेले."

"बसा, बसा," अध्यक्ष म्हणाले.

तो बसला नाही.