फाटकाबाहेरची हाळी

"अरे, पुन्हा एकदा काढ ना तो आवाज," बंगल्याचे मालक व्हरांड्यातून म्हणाले. त्यांच्या शेजारी मुंबईहून आलेले पाहुणे बसले होते. हातात चहाचे कप. माझे वडील, आबा, बंद फाटकाबाहेर रस्त्यावर उभे होते. आमची मेंढरं आत होती.

आबांनी हाळी दिली. आवारात बसलेला अख्खा कळप उठून फाटकाशी आला आणि गजांना तोंडं लावून उभा राहिला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही शिरूरकडचे धनगर. दिवाळीनंतर आमची माणसं मेंढरं घेऊन घाट उतरत आणि पावसाच्या आधी परत येत. खालचे शेतकरी भाताच्या रिकाम्या खाचरांत रात्री मेंढरं बसवून घेत. लेंडी आणि मूत जमिनीत मुरायचं, त्याबदल्यात आम्हांला भात मिळायचा. मेंढरं जिथं बसत तिथंच आमची चूल, तिथंच अंथरूण. मेंढराला सोडून धनगर झोपत नाही. मी शाळेसाठी शिरूरला आत्याकडे राहायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दौंडहून रेल्वेनं तळावर यायचे. त्या वर्षी मी सातवी पास झाले होते.

आमचा तळ पडायचा ते गाव मुंबईच्या कडेला, खाडीच्या तोंडाशी. पूर्वी तिथं कोळीवाडा, मिठागरं आणि खाचरं एवढंच होतं. आता ते उपनगर म्हणवून घेऊ लागलं होतं. ज्या आगरी शेतकऱ्याकडे आबा दरवर्षी उतरत, त्यानं जमीन विकली होती. खाचरांत हद्दीचे दगड रोवलेले. मधूनमधून नवे बंगले. त्यांतल्या एका मालकांना आवारातल्या चिकूच्या कलमांसाठी खत हवं होतं. त्यांनी आबांना बोलावलं आणि अट घातली.

"मेंढरं आत राहू देत. तुम्ही मंडळी बाहेर झोपा. घरात बायकामाणसं आहेत."

"सायेब, मेंढरामागं माणूस लागतंय."

"फाटक बंद असतं. कोण नेतंय तुझी मेंढरं?"

दुसरीकडे जागा उरली नव्हती. आबांनी मान हलवली. आईनं रस्त्याच्या कडेला वाळूत तीन दगड मांडले. आईही एक बाईमाणूसच होती. हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं.

संध्याकाळी पाहुणे आले आणि करमणूक सुरू झाली. एकानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ही मुलगी कोणाची?"

"माजीच, सायेब. सातवी झाली." आबांच्या आवाजात अभिमान होता.

"म्हणजे आता मेंढरांना बाराखडी येणार."

सगळे हसले. आबाही हसले. टाळ्यांपेक्षा ते हसणं मला जास्त लागलं.

मग आणखी एक हाळी. पुन्हा एक. दरवेळी कळप उठे, फाटकाशी येई, आणि बंगल्यातला गडी त्याला काठीनं मागं रेटे. एक मेंढी दिवस भरत आलेली होती. उठताना ती पुढचे गुडघे टेकून थांबायची. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, बास करा आता. गाभण हाय ती."

"एकदाच," मालक म्हणाले. "यांना गाडी गाठायचीय."

आबांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. त्यांनी घसा खाकरला, थुंकले, पुन्हा ताठ उभे राहिले. मला वाटलं, आता नाही म्हणतील. ते आवाज नीट यावा म्हणून घसा साफ करत होते.

मग मी हाळी दिली.

ही हाळी कुणी शिकवत नाही. मेंढरांत वाढलेल्या पोरांच्या घशात ती असते. कळप उठून आला. मी गजांतून हात घालून फाटकाची कडी काढली. मेंढरं माझ्या दोन्ही अंगांनी बाहेर पडू लागली. मालक पायऱ्या उतरून धावत आले. "अरे, हे काय? आजची रात्र ठरली होती ना?"

मी म्हणाले, "आमची लेंडी चालती, मग माणूस का न्हाई चालत?"

ते माझ्याशी बोलले नाहीत. आबांना म्हणाले, "हेच शिकवलंस का रे पोरीला?"

आबांनी माझ्या मुस्काटात मारली. सगळ्यांदेखत. मग ती गाभण मेंढी सावकाश बाहेर येईपर्यंत ते थांबले, आणि फाटक त्यांनीच ओढून घेतलं. बाहेरून.

आम्ही खाडीच्या बांधावर गेलो. पाणी खारं. मेंढरं तोंड लावून मागं फिरत. पहाटे त्या मेंढीनं मेलेलं कोकरू टाकलं. आई म्हणाली, "हाळी तू दिलीस न्हवं? मग खड्डाबी तूच काढ." काढला. चिकट, काळी माती होती. कोकराचं वाईट वाटलं. फाटक उघडल्याचं वाटलं नाही.

आबा यंदा गेले. भेटायला येणारे म्हणतात, "लई सोशिक माणूस. कवा कुणाला उलट बोलला न्हाई." मी ऐकून घेते. त्या संध्याकाळचा विषय आबांनी पुन्हा कधी काढला नाही. पण शाळा सोड, असंही ते मला कधी म्हणाले नाहीत.

मी आता दौंडजवळच्या एका गावात शिक्षिका आहे. परवा गावचे पुढारी शाळेत आले. "बाई, मुंबईचे पाव्हणे येणार हायेत. धनगराच्या पोरांचा गजीचा नाच ठिवा. ढोल, घोंगडी, समदं पायजे."

"आणि जेवण?"

"पाव्हण्यांचं आत, वर्गात. पोरांचं मागं पटांगणात बघू की."

मी म्हणाले, पोरं पाहुण्यांच्या पंगतीत बसणार असतील तर ढोल वाजेल.

ते हसले. "बाई, घरात दुःख झालंय, तुमचं मन थाऱ्यावर न्हाई. इचार करू."

त्यांनी विचार करावा. माझा झालेला आहे. त्या दिवशी वर्गात जाऊन पोरांची पानं मांडलेली मी आधी डोळ्यांनी पाहीन. नसतील तर एकही पोर नाचणार नाही. नोकरीवर आलं तरी नाही.