आबांच्या टायची गाठ

मैत्रेयी आणि सुजात,

नागपूरच्या विमानतळावर माझ्या पर्समधून तुमच्या आबांचा निळा टाय निघाला, तेव्हा तपासणीवरच्या मुलीने तो उलटसुलट करून पाहिला. "आजी, याची गाठ तर बांधलेलीच आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, तशीच न्यायची आहे. आबा टायची गाठ कधी सोडत नसत. सैल करायची, टाय डोक्यावरून काढायचा आणि दारामागच्या खुंटीला अडकवायचा, ही त्यांची रीत. म्हणून ते गेल्यावरही त्यांच्या हातची एक गाठ घरात उरली होती. भांडी वाटून टाकली, किल्ली शेजारी दिली, पण टाय पर्समध्ये ठेवला.

तुमचे बाबा फोनवर म्हणाले होते, "आई, ये इकडे. सुजात घरीच असतो, तुला सोबत होईल." त्या एका वाक्यावर मी घर आवरलं. अमेरिकेत तुमच्या घरी, शॉमबर्गला पोचले, आणि थोड्याच दिवसांत, सुजात, तू कॉलेजला निघालास. मैत्रेयी तर आधीच बेलव्ह्यूला गेलेली. तुझ्या बॅगेत मी टाय घातला आणि बजावलं, गाठ सोडू नकोस.

मग फोनवर मिस्टर वॉल्टर सुरू झाले. तुमच्या कॉलेजात कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आपल्यासारख्या मुलांसाठी एक मेंटरिंग प्रोग्राम आहे, त्यात ते तुझे मेंटर, एवढं मला कळलं. तुमच्या बाबांना, प्रशांतला, ते पटलं नव्हतं. आपल्याला कशाला असली मदत, म्हणाला. मला मदतीचं वावडं नव्हतं. मला माणसाचं होतं. मिस्टर वॉल्टर म्हणतात, नाश्ता स्किप करायचा नाही. मिस्टर वॉल्टर म्हणतात, प्रोफेसरांना जाऊन भेटायचं, लाजायचं नाही. अरे, नाश्त्याचं मी तुला दात येत होते तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर सांगत आले आहे. माझं सांगणं ती कटकट, आणि त्यांचं ते ॲडव्हाइस. मैत्रेयी, तू हसलीस तरी चालेल. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा हेवा वाटत होता, आणि तो पोळ्या लाटतानासुद्धा वाटत होता.

वसंतात तुमचा टायचा समारंभ झाला. पहिल्या वर्षाच्या मुलाने आपला टाय हातात घेऊन उभं राहायचं, चार शब्द बोलायचे, आणि मेंटरने तो त्याच्या गळ्यात बांधायचा. पुढच्या वर्षी त्या मुलाने नव्या मुलाला बांधायचा. आम्ही गाडीने आलो. तू स्टेजवर आलास, आणि मी पाहिलं, आबांचा टाय तुझ्या हातात सरळ लोंबत होता. गाठ नव्हती. जिथे ती होती तिथे नुसती चुरगळ होती.

मी सावरले नव्हते तोवर तू बोलू लागलास. ऑक्टोबरमध्ये तू बॅग भरली होतीस. लॅबमध्ये कुणी तुला पार्टनर घेत नव्हतं, सर तुला दुसऱ्याच भारतीय मुलाच्या नावाने हाक मारत, गणितात तू मागे पडला होतास. बसस्टॉपवरून तू मिस्टर वॉल्टरना फोन केलास. ते आले, तुला खोलीवर परत घेऊन गेले. दारामागे टाय दिसला, तेव्हा त्यांनी विचारलं, हा कुणी बांधला? मग दुपारभर तू त्यांना आबांविषयी सांगितलंस, आणि संध्याकाळी दोघांनी मिळून ती गाठ सोडली, तुला बांधायला शिकता यावी म्हणून.

त्याच ऑक्टोबरमध्ये तू मला म्हणाला होतास, "ऑल गुड आजी, जेवण जरा ब्लँड आहे." मी तुला गोडा मसाला पाठवला होता.

मिस्टर वॉल्टर उंच, शांत माणूस. त्यांनी तुझी कॉलर वर केली आणि बोलत बोलत गाठ घातली. आबांची अरुंद असायची, जराशी डावीकडे कललेली. ही रुंद आणि सरळ होती. लोक टाळ्या वाजवत होते. माझे हात मांडीवर होते.

शेजारी हॅट घातलेल्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या नव्हत्या. इंग्रजीत त्यांनी विचारलं, यातला तुमचा कोण? मी सांगितलं, नातू. त्या म्हणाल्या, "माझा तो गाठी बांधतोय तो. रविवारी चर्चनंतर माझ्याकडे जेवायला यायचा. आता त्याची ही मुलं आधी. मी ओव्हन मंद करून बसते."

तो ओव्हन मला ओळखीचा होता. नागपुरात दर रविवारी आपल्या पुढच्या खोलीत हॉस्टेलची मुलं बसत. "जयभीम सर, जयभीम काकू" म्हणून आत यायची, आणि आबा त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत, मुलाखतीची तयारी करून घेत, टाय बांधून देत. मी आतून भाकऱ्या निवल्याचं सांगितलं की ते म्हणत, "मलाही कुणीतरी शिकवलंच होतं ना." मी भाकऱ्या पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवत असे.

परतताना, तुला हॉस्टेलवर सोडण्याआधी, गाडीत प्रशांत म्हणाला, "आई, लहानपणी रविवारी मला काय वाटायचं, ते आता कळलं ना?"

"गाडी नीट चालव," मी म्हटलं.

मागच्या सीटवर तू टाय सैल केलास, डोक्यावरून काढलास आणि खिडकीवरच्या हुकाला अडकवलास. गाठ तशीच ठेवून. आबांना टाय काढताना तू कधी पाहिलं नव्हतंस. प्रशांतने आरशातून पाहिलं, मी वळून पाहिलं.

हेवा गेला, असं मी लिहिणार नाही. तू बॅग भरलीस तेव्हा आधी माझी आठवण यायला हवी होती, असं मला अजून वाटतं. पण शॉमबर्गचं हे घर इतके दिवस प्रशांतचं वाटायचं, ते आता थोडं माझं वाटू लागलंय. रविवारी दुपारी तुझी मिस्टर वॉल्टरांबरोबर मीटिंग असते आणि ती लांबते. मी पोळ्या फडक्यात गुंडाळते, फोन समोर ठेवते आणि जेवायची थांबते. नागपुरातही मला घर म्हणजे हेच माहीत होतं.

तेव्हा एक कर, सुजात. रविवारी त्यांना वेळेत सोडत जा. त्यांची आई ओव्हन मंद करून बसलेली असते. आणि ते निघाले की मला फोन कर.

तुमची,
आजी